छऱ्याची बंदूक घेताना : वन-सेव्हन-सेव्हन की टू-टू?



गळिताचा हंगाम सुरू झाला, फडात कोयता लागला, की एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. तो लागणीचा नसतो आणि बिलाचाही नसतो. शेतकी विभागात नोंद करायला आलेला एखादा तरुण सभासद जाता जाता विचारतो, "भाऊ, छऱ्याची बंदूक घ्याव म्हन्तो. वन-सेव्हन-सेव्हन घ्याव का टू-टू? सशाले कोनती चालते?"

प्रश्न दिसायला साधा आहे, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. छऱ्याछऱ्यात फरक काय, कायदा काय म्हणतो, आणि आपल्या वावरात ही बंदूक नेमकी कशासाठी पाहिजे. दुकानदार पहिल्याचे उत्तर देतो आणि पैसे घेतो. दुसरे आणि तिसरे उत्तर पुढे आपल्यालाच निस्तरावे लागते. म्हणून तिन्हींचा उलगडा येथे क्रमाने करीत आहोत.

आकडे काय सांगतात?

बंदुकीच्या नळीचे आतले तोंड किती रुंद, ते हे आकडे सांगतात. वन-सेव्हन-सेव्हन म्हणजे इंचाचे १७७ हजारांश, म्हणजे साडेचार मिलिमीटर. टू-टू म्हणजे इंचाचे २२ शतांश, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरचा, पण छऱ्याच्या वजनात तो जवळजवळ दुपटीचा होतो. वन-सेव्हन-सेव्हनचा नेहमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो, टू-टूचा एक ग्रॅमच्या जवळपास.

आता गंमत अशी, की बंदुकीतला जोर स्प्रिंगचा किंवा दाबून भरलेल्या हवेचा असतो. तो छर्रा बदलला म्हणून फारसा वाढत नाही. एकच बैलजोडी हलक्या दमणीला जुंपली तर ती धावेल, आणि तीच भरल्या बंडीला जुंपली तर संथ चालेल. जोर तोच, चाल वेगळी. हा जोर 'ज्यूल' या मापात मोजतात. समजा दोन्ही बंदुकांचा जोर १६ ज्यूल धरला, तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने सुटेल आणि एक ग्रॅमच्या जवळपासचा १८० मीटरच्या आसपास.

यावरून पुढचे सारे कळते. हलका छर्रा वेगाने जातो, म्हणून सरळ जातो आणि नेम धरायला सोपा पडतो. जड छर्रा हळू जातो, म्हणून जास्त खाली येतो. तीस मीटरवर पोहोचेपर्यंत त्याची घसरण हलक्या छऱ्याच्या पावणेदोन पटीच्या वर जाते. अंतर ओळखण्यात चूक झाली की टू-टूचा नेम लवकर चुकतो. उलट लागल्यावर जड आणि रुंद छर्रा जास्त जोर आत सोडतो. परदेशी जाणकार लहान शिकारीसाठी टू-टू सुचवतात त्याचे कारण हे.

पण तो सल्ला कुठला आहे, हे आधी पाहावे. इंग्लंडमध्ये शेतातल्या सशांचा उपद्रव फार. तिथे जमीनमालकाच्या संमतीने ते मारता येतात, आणि बिनपरवान्याच्या हवाई रायफलीचा जोर तिथल्या कायद्याने सुमारे १६ ज्यूलवर बांधला आहे. तिथल्या चौकटीत तो सल्ला बरोबर. आपली चौकट निराळी.

आणखी एक घोटाळा येथे मिटवू. छऱ्याची टू-टू आणि काडतुसाची टू-टू ह्या सख्ख्या बहिणी नव्हेत. काडतुसाच्या टू-टू रायफलीची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि तिचा जोर शंभर ज्यूलच्या वर जातो. नुसते "टू-टू आहे" म्हणून दोन्हींना एका मापाने मोजू नये.

बंदुकीचा कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ सालचे. या नियमांप्रमाणे ज्या हवाई बंदुकीची नळी वन-सेव्हन-सेव्हनपेक्षा मोठी नाही आणि जोर २० ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. ह्यातली एकही मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. म्हणजे टू-टू छऱ्याची बंदूक जोराने कितीही कमी असली, तरी ती परवान्याची वस्तू ठरते.

तेव्हा कोणी "टू-टू आहे, कागद लागत नाही, घेऊन जा" म्हणाले, तर ती बंदूक घेऊ नये. तसेच काही हौशी मंडळी वन-सेव्हन-सेव्हनची स्प्रिंग बदलून तिचा जोर वाढवून घेतात. तो २० ज्यूलच्या वर गेला की घरात बिनपरवाना हत्यार ठेवल्यासारखे झाले. बंदूक ओळखपत्र दाखवून, पावती घेऊन घ्यावी, आणि पावती सातबाऱ्यासारखी जपून ठेवावी.

शिकारीचा कायदा

जुन्या सभासदांना आठवत असेल, की एके काळी बारीक शिकारीचा परवाना मिळत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सारी परवानापद्धत बंद झाली. म्हणजे "आमच्या आज्यानं तितर मारले, बापानं ससे मारले" हे खरे असले, तरी नातवाला तो हक्क राहिलेला नाही.

त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा, उंदीर, वटवाघूळ असे काही जीव 'उपद्रवी' म्हणून घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. एखाद्या प्राण्याला ठराविक भागापुरते आणि मुदतीपुरते उपद्रवी ठरवायचे असेल, तर तो अधिकार केंद्र सरकारचा. आपण धुऱ्यावर उभे राहून तो ठरवू शकत नाही.

'शिकार' या शब्दाचा अर्थही कायद्याने रुंद केलेला आहे. मारणे तर झालेच, पण जखमी करणे, फास लावणे, हाकून काढणे, मारण्याचा प्रयत्न करणे, पाखरांची अंडी-घरटी मोडणे, हे सारे शिकारीतच मोडते. छर्रा चुकला म्हणून गुन्हा चुकला असे होत नाही. ससा, तितर, लावा, पोपट, सारे त्यात आले.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला जीव असेल, तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत कैद, आणि दंड वेगळा. ह्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. शिकारीत वापरलेले हत्यार आणि वाहन सरकारजमा होऊ शकते. बंदूक गेली तर गेली. पण ज्या मोटारसायकलवर किंवा ट्रॅक्टरवर बसून पोरं गेली, तिचा हप्ता कोण भरतो, हे प्रत्येक बापाला ठाऊक आहे. अर्धा-पाव किलोच्या पाखरासाठी एवढे पणाला लावायचे का, ह्याचा हिशेब घरात बसून करावा.

फडातला शेवटचा पट्टा

आता आपल्या कामाची खरी गोष्ट. उसाचा फड चारी बाजूंनी तुटत आला, की आत दडलेली जनावरे मधल्या उभ्या पट्ट्यात गोळा होतात. ससा, रानमांजर, कोल्हा, मुंगूस, कधी डुकराची पिल्ले. शेवटच्या काही ओळी राहिल्या, की ती एकदम बाहेर फुटतात. हे सर्वांना माहीत आहे, म्हणूनच त्या दिवशी गावातली पोट्टी छऱ्याची बंदूक आणि कुत्री घेऊन धुऱ्यावर जमतात.

त्याच वेळी फडात कोण असते ते आठवा. कोयता घेऊन वाकलेली टोळी, मोळ्या बांधणाऱ्या बाया, पाचटावर खेळणारी त्यांची लहान लेकरे, गाडीचे बैल, आणि आपला चिटबॉय. जनावर कोणत्या बाजूने फुटेल ते सांगता येत नाही, आणि नेम धरणारा जनावराकडे पाहतो, त्याच्या मागे कोण आहे तिकडे पाहत नाही. छर्रा बारीक असतो, पण डोळ्यात शिरायला त्याला फार जोर लागत नाही. गेलेला डोळा परत येत नाही. तोडणीला आलेल्या माणसाचे लेकरू आपल्या वावरात आंधळे झाले, तर त्याची भरपाई कोणत्या बिलातून वजा करायची?

म्हणून आमचे सर्व सभासदांना आग्रहाचे सांगणे आहे, की तोड चालू असताना फडात किंवा धुऱ्यावर कोणीही, कोणतीही बंदूक आणू नये. मुकादमाने तसे दिसले तर काम थांबवावे. शेवटचा पट्टा तोडताना एक बाजू मोकळी ठेवावी आणि टोळी एकाच अंगाने पुढे न्यावी. जनावर त्या मोकळ्या बाजूने आपोआप निघून जाते, माणसाच्या अंगावर येत नाही. आत बिबट्याची किंवा इतर जनावराची पिल्ले दिसली, तर हात न लावता काम थांबवून वन खात्याला कळवावे.

पाखरू आपले काय खाते?

तितर दाण्यावर पडतो हे खरे, पण तो तणाचे बी आणि किडेही खातो, आणि वाळवी त्याच्या आवडीची. हलक्या जमिनीत उसाच्या बेण्याला वाळवी कशी लागते, ते आपल्याला सांगायला नको. कोतवाल, साळुंकी, गायबगळा ही नांगरामागे फिरणारी मंडळी फुकटात किडे वेचतात. पिंगळा आणि गव्हाणी घुबड रात्री उंदीर धरतात. उसातल्या उंदराने पेरे कुरतडले की वजन आणि उतारा दोन्ही जातात. तेव्हा घुबड अशुभ म्हणून त्याच्यावर छर्रा टाकणारा माणूस स्वतःच्याच जागल्याला मारतो.

पिंगळ्यावरून आठवले. त्याच्याच तोंडवळ्याचा रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता. जगातून गेला असेच अभ्यासक समजत होते. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि पुढे आपल्या मेळघाटातही आढळला. संध्याकाळच्या अंधुक उजेडात फांदीवरचा कोणता पिंगळा साधा आणि कोणता दुर्मिळ, हे बंदुकीच्या माशीतून ओळखू येत नाही.

आणि हे फक्त पुस्तकी लोकांचे म्हणणे आहे असे नाही. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून तितर-लाव्यांवर पोट भरणाऱ्या फासेपारधी समाजाइतके गवतातले पाखरू दुसऱ्या कोणाला कळत नाही. त्याच समाजाच्या अकोला-वाशीम भागातल्या काही वस्त्यांनी 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीने आपली गवताळ राने राखली, आणि तणमोरासारख्या दुर्मिळ पाखराला आसरा दिला. ज्यांचे पोट शिकारीवर होते त्यांना हे जमले. आपल्याला तर नुसती हौस सोडायची आहे.

डुक्कर आणि रोह्याचे काय?

येथे सभासदांचा राग आम्ही समजून आहोत. "पाखराचं ठीक आहे हो, पण डुकरानं अर्धा एकर लोळवला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. रात्रीची जागल करून माणूस थकतो, आणि सकाळी ऊस आडवा झालेला दिसतो.

पण त्याला छऱ्याची बंदूक हे उत्तर नाही, मग ती वन-सेव्हन-सेव्हन असो की टू-टू. रानडुकराचे कातडे आणि खांद्याची चरबी भेदून त्याला जागेवर पाडण्याइतका जोर त्या छऱ्यात नसतो. तो जखमी होतो, चिडतो, उसात शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर धावून येतो. रोह्याला लागलेला छर्रा पिकतो, जनावर कुजत मरते आणि पीक खातच राहते.

रीतसर वाट अशी आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुक्कर-रोह्यासारख्या जनावराबाबत वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी हातात असल्याशिवाय काही करू नये, आणि त्यातल्या अटी वाचाव्यात. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची तरतूद शस्त्र कायद्यात आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे दोन कागद वेगवेगळे.

नुकसान झाले की त्याच दिवशी फोटो काढून, वन खात्याकडे आणि तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत पडलेला ऊस उचलू नये. उशिरा दिलेला अर्ज लंगडा पडतो. धुऱ्यावर झटका मशीनची तार लावायची तर मान्यताप्राप्त यंत्रच लावावे. थेट लाइनचा करंट तारेत सोडणे हे जनावराआधी माणसाला मारते, आणि तो माणूस बहुधा आपल्याच घरचा किंवा शेजारचा असतो.

मग बंदूक घ्यायची की नाही?

घ्यायला हरकत नाही, पण कशासाठी हे ठरवून घ्यावी. नेमबाजीसाठी घ्यायची असेल तर उत्तर एकच : वन-सेव्हन-सेव्हन, २० ज्यूलच्या आतली. जगभर हवाई रायफलीची स्पर्धा याच साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यावर, दहा मीटर अंतरावरून होते. स्पर्धेच्या रायफलीचा जोर तर साडेसात ज्यूलच्या आसपासच असतो. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. तिथे जोराला किंमत नाही, श्वास आणि हात स्थिर ठेवण्याला आहे. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला याच प्रकारात भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. आपल्या महाराष्ट्राचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली याच प्रकारात जगज्जेता झाला. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. ती रायफल काडतुसाची टू-टू. म्हणजे टू-टूची हौस असेल तर तीही भागते, पण ती परवान्याने, क्लबातून आणि कागदावर नेम धरून. कांबळवाडीसारख्या खेड्यातून हे होते, तर आपल्याही खेड्यातून होईल.

घरी सराव करायचा तर काही गोष्टी पाळाव्यात :

१. दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट मोजून जागा करावी. निशाणामागे रेती भरलेली जाड लाकडी पेटी, आणि तिच्यामागे मातीचा उंच ढीग असावा. दगड, पत्रा, विटेची भिंत नको. छर्रा उलटून येतो.

२. निशाणाच्या पलीकडे रस्ता, गोठा, विहिरीचा रहाट नसावा. पोरांचा खेळ चालू असताना सराव बंद.

३. बंदूक भरलेली असो वा रिकामी, माणसाकडे आणि जनावराकडे तोंड करू नये. सराव करताना डोळ्याला चष्मा असावा. पोरांनी मोठ्या माणसाशिवाय हात लावू नये.

४. नळी मोडून भरायची बंदूक असेल, तर नळी घट्ट धरल्याशिवाय बोट आत घालू नये. घोडा सुटला तर बोट जाते.

५. छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरून एकेक काढण्याची पोरांची सवय मोडावी. शिसे पोटात गेलेले चांगले नाही. सराव झाला की साबणाने हात धुवावेत.

६. बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवावेत.

एवढ्या विवेचनानंतर निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. शिकारीसाठी कोणताही छर्रा बरोबर नाही. डुकरासाठी कोणताही छर्रा पुरेसा नाही. नेमासाठी मात्र वन-सेव्हन-सेव्हन पुरेसा आणि उत्तम आहे. ज्या सभासदांच्या घरी अशी बंदूक आधीच आहे, त्यांनी नळीचे माप आणि पावती एकदा तपासून घ्यावी. माप टू-टूचे निघाले, तर चालवण्याआधी परवान्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. आणि ह्या हंगामात आपल्या फडाचा शेवटचा पट्टा तुटेल त्या दिवशी घरच्या पोरांना बंदुकीशिवाय, रिकाम्या हातांनी, मोळ्या उचलायला न्यावे, ही सर्वांना नम्र विनंती.